सात घोडे आणि एक खेचर

दुकान उघडून दहा मिनिटं झाली नव्हती.
एल्कोच्या पूर्वेला पहाट अजून रेंगाळत होती
आणि मायलीस इरिबार्नचा पिकअप
लंगडत आत आला.
लंगडतच. दुसरा शब्द नाही.
मागचा उजवा पाय पार बसलेला.

गाडी चार इंच उचललेली. ती तिच्या भावाची हौस.
भाऊ सोन्याच्या खाणीत गेला, तिथून अलास्कात,
उंची तेवढी मागे ठेवून.
ही नालबंद बाई, पाच फूट एक.
मागच्या फळीवरून ऐरण उतरवायची
तर दुधाचा क्रेट पायाखाली घेते
आणि भावाला बास्क भाषेत शिव्या घालते,
ज्या मला कळत नाहीत, पण पटतात.

मी नेहमीचं सुरू केलं :
पस्तीस इंची घे, कमान कशी भरून दिसेल,
हे बघ दात, चिखल चावून थुंकणारे,
हे पांढऱ्या अक्षरांचे, पोरं यांच्यावर मरतात...

ती ऐकत नव्हती.
भिंतीजवळच्या रांगेसमोर गुडघा टेकून
खाचांतून अंगठा फिरवत होती,
खुराचा तळवा तपासावा तसा.
"घोडा चालतो कुठे, ते आधी विचार," म्हणाली.
"मग नाल."

बरं. कुठे चालतो?

साठ मैल डांबर.
पुढे वीस मैल खडी, पन्हाळी पत्र्यासारखी,
कवळी असेल तर काढून खिशात ठेवावी अशी.
मग पाटीचा दगड, उभा, धारेचा.
मार्चमध्ये खारवट तळ्याकाठचा चिखल,
जो एकदा भेटला की पाहुण्यासारखा जायचं नाव घेत नाही.
नोव्हेंबरपासून बर्फ.
आणि पाठीवर बाराही महिने
ऐरण, भट्टी, नालांच्या पेट्या, शिवाय कुत्रा.

मग मी विकणं थांबवलं आणि खरं बोललो.
पस्तीस इंची पूर्ण वळणावर घासतील.
पेट्रोल पितील. काटा खोटं बोलेल,
साठ दाखवेल आणि तू पासष्टवर असशील.
तेहतीस घे, दहा थरांचे, जाड कुशीचे,
डोंगरात हिमकण कोरलेली खूण असलेले.
थोडे अरुंद.
रुंद चाक बर्फावर तरंगतं,
अरुंद चाक खाली जमीन शोधतं.

"अरुंद," ती म्हणाली.
मग कुशीवरचे चार आकडे वाचले, बोट ठेवून.
"एकेचाळिसावा आठवडा. पण चार वर्षांपूर्वीचा.
घोड्याचं वय दातांवरून काढावं लागतं,
तुम्ही लिहूनच ठेवता. बरं करता."
मी कान खाजवला
आणि आतून या वर्षीचे चार आणले.

साडेबाराशे डॉलर.
तिने छताकडे बघत हिशेब केला.
"सात घोडे," म्हणाली. "आणि एक खेचर.
खेचराचे मी जास्त घेते."

जुना टायर उतरवला तेव्हा मधोमध काहीतरी चमकलं.
पक्कडीत धरून ओढलं :
पातळ, लांबट, टोकाला एका अंगाने उतार दिलेला.
असला खिळा सुतार वापरत नाही,
कुंपणवाला वापरत नाही.
तिने तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.
"सहा नंबर. माझाच."
हसली नाही. पुसून शर्टाच्या खिशात टाकला.
खिळा अजून सरळ होता.

चारही बसले. गाडी जराशी विचित्र दिसत होती,
नुकतंच उभं राहिलेलं शिंगरू दिसतं तशी,
सगळा पायांचाच पसारा.
"ते चार इंच खाली आणता येतात का रे?"
येतात. एका दुपारचं काम.
तिने कुत्र्याला आत ढकललं, क्रेट मागे फेकला.
"पुढच्या वर्षी बघू.
तो आला, तर त्याला ओळखू यायला हवी."

मी बिल दिलं आणि सगळ्यांना सांगतो ते सांगितलं :
पन्नास मैलांनी थांब, नट पुन्हा आवळ.

"मीही सांगते घोडेवाल्यांना,
आठवड्याने खिळे तपासा म्हणून,"
खिडकीतून, वरून, ती म्हणाली.
"कोणी तपासत नाही."